जुन्या मालिकांचा ओढा : परभणी जिल्ह्यापुरता आढावा

जुन्या टीव्ही मालिकांबद्दलच्या मराठी स्मरणरंजनाचे वेळापत्रक ठरून गेलेले आहे. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले, पुढच्याच वर्षी सिंहगडावरून पुण्याला चित्र दिसू लागले, मग ‘गजरा’, ‘किलबिल’, ‘ज्ञानदीप’, ‘प्रतिभा आणि प्रतिमा’, दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांचे चिमणराव-गुंड्याभाऊ, आणि त्यानंतर बाकी सगळे. दिवाळी अंकांतले लेख, वर्धापनदिनाचे कार्यक्रम आणि निवृत्त निर्मात्यांच्या आठवणी याच क्रमाने जातात. मात्र हा क्रम मुंबई-पुण्याचा आणि त्यांच्या आसपासच्या पट्ट्याचा आहे. परभणी जिल्ह्यात ज्यांनी सत्तरचे दशक काढले, त्यांनी चिमणराव वाचला असेल, पाहिला नाही. या जिल्ह्याची टीव्हीची आठवण साधारण बारा वर्षे उशिरा सुरू होते आणि सुरू होते ती हिंदीतून. जुन्या मालिकांचा ओढा म्हणजे काय, याचे उत्तर परभणीत वेगळे येते ते या दोन गोष्टींमुळे.

उशीर कसा झाला हे पाहण्यासारखे आहे. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात ‘साइट’ नावाचा उपग्रह-दूरचित्रवाणीचा प्रयोग देशात झाला. सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत सार्वजनिक संच बसवले गेले. त्यात कर्नाटकातले गुलबर्गा आणि रायचूर हे जिल्हे होते, आंध्रातला तेलंगणाचा भाग होता. म्हणजे १९४८ पर्यंत परभणी ज्या निजामी राज्यात होती, त्या राज्याच्या शेजारच्या तुकड्यांतल्या खेड्यांनी पंचाहत्तर सालीच टीव्ही पाहिला. महाराष्ट्राचा समावेश त्या सहा राज्यांत नव्हता. राज्यात मुंबईचे केंद्र होते म्हणून महाराष्ट्र ‘टीव्हीवाला’ धरला गेला, पण त्या केंद्राच्या लहरी गोदाकाठापर्यंत पोहोचत नव्हत्या. मराठवाड्याच्या अनुशेषाची चर्चा सिंचन, रस्ते आणि रेल्वेपुरती होते. करमणुकीचा अनुशेष कोणी मोजला नाही.

चित्र पालटले ते १९८२ ते १९८५ या काळात. १५ ऑगस्ट १९८२ रोजी दिल्लीहून राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, त्याच वर्षाच्या अखेरीस आशियाई खेळांच्या निमित्ताने रंग आले. रंगीत टीव्हीचा आग्रह धरणारे तेव्हाचे माहिती व नभोवाणी मंत्री वसंत साठे विदर्भातले होते. ऑगस्ट १९८३ मध्ये इन्सॅट-१बी उपग्रह कक्षेत गेला आणि १९८४ मध्ये देशभर लघुशक्ती प्रक्षेपक उभारण्याचा सपाटा सुरू झाला. काही महिने तर जवळजवळ रोज एक प्रक्षेपक सुरू होत होता. आकाराने लहान आणि ताकदीने शंभर वॅटच्या आसपास असलेला हा प्रक्षेपक जिल्ह्याच्या गावाभोवती पंधरा-वीस किलोमीटरपर्यंत बरे चित्र देई. त्यापलीकडच्या गावांना नशीब, उंच बांबू आणि पुढे अंबाजोगाईच्या उच्चशक्ती प्रक्षेपकाचा आधार. जिंतूरच्या उंचसखल भागात आणि गंगाखेड-पालमच्या बाजूला एकाच गावातल्या दोन घरांत वेगवेगळे चित्र दिसे, कारण एक घर टेकाडावर आणि दुसरे उतारावर.

या लघुशक्ती प्रक्षेपकांची एक मर्यादा आज विसरली गेली आहे. उपग्रहावरून जे खाली येई तेच ते पुढे पाठवत, आणि सुरुवातीला खाली येई ते दिल्लीचे. त्यामुळे परभणी, मानवत, सेलू, पूर्णा इथल्या घरांत सर्वांत आधी शिरलेले कुटुंब ‘हम लोग’मधले बसेसर राम यांचे. ७ जुलै १९८४ ला सुरू झालेली ही मालिका मनोहर श्याम जोशींनी लिहिली होती, प्रत्येक भागाअखेरीस अशोक कुमार येऊन समजुतीचे चार शब्द सांगत. कुटुंबनियोजनाचा प्रचार हा तिचा मूळ हेतू होता आणि मेक्सिकोतल्या तशा मालिकांवरून तो बेतलेला होता. प्रेक्षकांनी मात्र हेतू बाजूला ठेवून माणसे लक्षात ठेवली. पाठोपाठ ‘बुनियाद’, ‘नुक्कड’, ‘मालगुडी डेज’, ‘विक्रम और वेताल’, बुधवारचे ‘चित्रहार’. १९८४ च्याच नोव्हेंबरात इंदिरा गांधींच्या अंत्ययात्रेचे थेट प्रक्षेपण झाले. देशभर अनेकांनी आयुष्यात पहिल्यांदा टीव्ही पाहिला तो त्या दिवशी, आणि मराठवाडाही त्याला अपवाद नव्हता.

हिंदीचा अडसर परभणीत फारसा जाणवला नाही, याचे कारण इतिहासात आहे. निजामी राजवटीत शाळा-कचेरीची भाषा उर्दू होती. १९८५ मध्ये जे आजोबा साठीत होते त्यांचे शिक्षण उर्दूतून झालेले होते. शहरात आणि पाथरी, जिंतूर, गंगाखेड अशा तालुक्यांच्या गावी दखनी बोलणारी मोठी वस्ती होती आणि आहे. म्हणून गुलजारांची ‘मिर्झा ग़ालिब’ (१९८८) इतर मराठी मुलखात दर्दी लोकांपुरती राहिली असेल, इथे ती दोन्ही समाजांतल्या जुन्या माणसांना घरची वाटली. ‘महाभारत’चे संवाद राही मासूम रझांचे आहेत हे परभणीच्या पारावर कौतुकाने सांगितले जाई. कोकणातल्या किंवा सातारकडच्या प्रेक्षकाला जी भाषा पडद्यावर शिकावी लागली, ती इथे बाजारात रोज कानावर पडत होती.

आठवणींचा मोठा हिस्सा मालिकांचा नसून यंत्रसामग्रीचा आहे. छपरावर किंवा माळवदावर ॲल्युमिनियमचा अँटेना, त्याला बांबू किंवा लोखंडी पाइप, तिथून खाली आलेली चपटी वायर आणि संचाशेजारी ‘बूस्टर’ची डबी. एक जण वर, एक दारात, एक संचासमोर. वरच्याने विचारायचे, ‘‘दिसायलंय का?’’ आतून उत्तर, ‘‘नाई, मुंग्याच हायत.’’ दारातल्याचे काम निरोप पोचवायचे. चित्र लागले की वरच्याने हात सोडायचा आणि हात सोडला की चित्र जायचे, कारण माणसाचे अंगच अँटेनाचा भाग झालेले असे. वारा, माकडे आणि कावळे हे तीन शत्रू. पडद्यावर ‘व्यत्यय’ची पाटी आली तर दोष मुंबई-दिल्लीचा, नुसत्या मुंग्या आल्या तर घरचा, हा फरक लहान पोरांनाही कळे.

विजेचे वेगळेच प्रकरण होते. वीज गेलेल्या संध्याकाळी बारा व्होल्टवर चालणारा छोटा कृष्णधवल संच ट्रॅक्टरच्या बॅटरीला जोडला जाई. ज्याच्याकडे ट्रॅक्टर त्याच्या अंगणात प्रेक्षक, असा साधा हिशेब होता. मात्र दुसऱ्या दिवशी पहाटे ट्रॅक्टर सुरू झाला नाही तर घरातल्या मालिकाप्रेमींची खैर नसे. संचांमध्ये क्राउन, टेक्सला, वेस्टन ही नावे जुनी. लाकडी खोके, पुढे सरकते शटर आणि डोळ्यांना त्रास नको म्हणून निळसर काच. १९८५ च्या सुमाराला परवान्याची अट गेली, तोवर टीव्हीचे शुल्क टपाल कचेरीत भरावे लागे. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात व्हिडिओकॉन आला. धूत कुटुंबाची ही कंपनी औरंगाबादची, कारखाना पैठण रस्त्यावर चितेगावला. मराठवाड्यात बनलेली आणि देशभर पोहोचलेली ही वस्तू म्हणून तिच्याबद्दल एक हक्काचा अभिमान होता. २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली तेव्हा जुन्या विक्रेत्यांना ते घरातले गेल्यासारखे लागले तर नवल नाही.

टीव्ही कुठे बसून पाहिला, यावर आठवण कशी राहिली हे ठरते. पगारदारांच्या, म्हणजे शिक्षक, बँकवाले, कृषी विद्यापीठातले कर्मचारी यांच्या घरी संच आधी आले. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या मराठवाडा कृषी विद्यापीठामुळे (२०१३ पासून वसंतराव नाईक यांच्या नावाचे) परभणी शहरात असा वर्ग बऱ्यापैकी होता. खेड्यात पाटील, सावकार, कापसाचा व्यापारी यांच्या वाड्यात, नाहीतर ग्रामपंचायतीच्या कुलूपबंद लाकडी पेटीत. पेटीची किल्ली शिपायाकडे, आणि शिपाई लग्नाला गेला की गाव त्या रविवारी मालिकेला मुकले. वाड्यात कोण ओसरीवर, कोण अंगणात, कोण दाराबाहेर याचे नियम कोणी लिहिले नव्हते, पण ते सर्वांना पाठ होते. बाया स्वयंपाकघराच्या उंबऱ्यातून पाहत. ज्यांना अंगणापुढे जागा नव्हती त्यांच्या वस्तीत समाजमंदिरात संच आला तेव्हा पहिल्यांदा पडद्यासमोर बसणे झाले. आजच्या ‘सगळे गाव एकत्र टीव्ही पाहायचे’ या गोड वाक्यात ही बैठकव्यवस्था सोयीने गाळली जाते. एकत्र पाहणे खरे होते, सारखे पाहणे नव्हते.

‘रामायण’ (२५ जानेवारी १९८७ ते ३१ जुलै १९८८) आणि ‘महाभारत’ (२ ऑक्टोबर १९८८ पासून १९९० च्या उन्हाळ्यापर्यंत) यांच्याबद्दल इतके लिहिले गेले आहे की परभणीपुरते थोडेच सांगायचे उरते. रविवारी सकाळी रस्ते ओस पडत, संचाला हार घातला जाई, हे सगळीकडचे. इथली खास गोष्ट ही की या मालिका पोथीच्या आणि कीर्तनाच्या सवयीवर येऊन बसल्या. गंगाखेड हे जनाबाईंचे गाव, गोदाकाठ पारायणांचा. श्रावणात पोथी लावणाऱ्या घरांना ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी, हातपाय धुऊन बसण्याची सवय होतीच. रामानंद सागर आणि बी. आर. चोप्रा यांना तयार श्रोतृवर्ग मिळाला. मात्र १९९० मध्ये ‘द स्वॉर्ड ऑफ टिपू सुलतान’ आली, त्याआधी ‘भारत एक खोज’ आली, त्यांनाही याच अंगणांतून गर्दी झाली. पडद्यावर काय आहे यापेक्षा पडदा आहे, हे त्या दिवसांत पुरेसे होते.

मराठी कार्यक्रम उपग्रहामार्गे राज्यभर पोहोचू लागले तेव्हा जिल्ह्याला एकदम दोन गोष्टी मिळाल्या : सात वाजताच्या बातम्या आणि शेतीचा कार्यक्रम. प्रदीप भिडे यांच्या शांत, ठाम उच्चारांनी प्रमाण मराठी कशी बोलतात हे कित्येक शाळांच्या वक्तृत्व स्पर्धांना शिकवले. २०२२ मध्ये भिडे गेले तेव्हा मराठवाड्यातही हळहळ झाली ती याचसाठी. ‘आमची माती, आमची माणसं’ची आठवण वेगळ्या जातीची आहे. मुंबई-पुण्याच्या स्मरणरंजनात हा कार्यक्रम चेष्टेचा विषय असतो : मालिका लागायच्या आधी सोसावा लागणारा खतांचा उपदेश. परभणीत तो कामाचा होता. कापसावरची कीड, तुरीची मर, ज्वारीचे नवे वाण याबद्दल बोलणारा माणूस पडद्यावर दिसतो, ही गोष्ट कापूस-ज्वारीच्या मुलखात करमणुकीइतकीच ओढीने पाहिली गेली. एकच कार्यक्रम एका ठिकाणी विनोद आणि दुसऱ्या ठिकाणी शिदोरी ठरतो. ‘महाराष्ट्राची आठवण’ असे सरसकट लिहिणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

मराठी मालिकांपैकी ‘एक शून्य शून्य’ आणि ‘गोट्या’ यांची नावे चाळिशी-पन्नाशीतल्या परभणीकरांकडून हमखास निघतात. पहिलीत पोलीस नियंत्रण कक्ष, तपास आणि शिवाजी साटम; दिग्दर्शक बी. पी. सिंग यांनी पुढे हिंदीत ‘सी.आय.डी.’ काढली. ना. धों. ताम्हनकरांच्या पुस्तकावरची ‘गोट्या’ नव्वदच्या आसपास आली आणि तिचे शीर्षकगीत शाळाशाळांत म्हटले गेले. प्रभावळकरांनी पाच भूमिका केलेली ‘बे दुणे पाच’ आठवते ती प्रभावळकरांमुळे. १९९७ च्या सुमाराला ‘दामिनी’ या दैनंदिन मालिकेने दुपार बदलून टाकली. तिची नायिका प्रतीक्षा लोणकर औरंगाबादच्या ‘जिगीषा’ या नाट्यसंस्थेतून पुढे आलेली, त्यामुळे मराठवाड्याला ती ‘आपल्याकडची’. पापड-कुरडयांच्या आणि शेवयांच्या कामाच्या वेळा ‘दामिनी’भोवती ठरत, असे उन्हाळे कित्येक गल्ल्यांनी पाहिले.

या साऱ्यात रेडिओ विसरून चालत नाही. टीव्हीच्या बऱ्याच आधीपासून परभणीत आकाशवाणीचे केंद्र आहे. मध्यम लहरींवर १३०५ किलोहर्ट्झ हा आकडा जुन्या श्रोत्यांना तोंडपाठ असतो. मुंबईच्या प्रेक्षकाच्या मनात ऐंशीच्या दशकाची जागा दूरदर्शनने व्यापली आहे. परभणीत ती वाटली गेली आहे : संध्याकाळ थोडी टीव्हीची, पण पहाट, शेत आणि दुकान रेडिओचे. जुन्या कार्यक्रमांबद्दल विचारले तर साठीपुढचा माणूस टीव्हीवरून बोलायला लागतो आणि पाच मिनिटांत लोकगीतांच्या नाहीतर शेतीच्या रेडिओ कार्यक्रमावर जातो. स्थानिक आवाज, ओळखीच्या गावांची नावे आणि इथली बोली हे सगळे रेडिओने दिले, टीव्हीने कधीच दिले नाही.

केबलचा आणि खासगी वाहिन्यांचा टप्पा झटपट सांगता येतो, कारण तो इतर महाराष्ट्रासारखाच आहे. १५ ऑगस्ट १९९९ रोजी अल्फा मराठी सुरू झाली. त्याच वर्षी १ मे रोजी हिंगोली वेगळा जिल्हा झाला होता, म्हणजे वसमत-कळमनुरीच्या आठवणीत ‘दामिनी’ परभणी जिल्ह्यातली आणि ‘आभाळमाया’ हिंगोली जिल्ह्यातली. ‘प्रपंच’, ‘वादळवाट’, केदार शिंदे दिग्दर्शित ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’, ई टीव्ही मराठीवर २००१ पासून अकरा वर्षे चाललेली ‘चार दिवस सासूचे’, २००४ पासूनचे ‘होम मिनिस्टर’. फरक एवढाच की दोन हजारांच्या दशकात ग्रामीण मराठवाड्यात दहा-बारा तासांचे भारनियमन नित्याचे होते. त्यामुळे ‘टिपरे’ आवडीची असूनही सलग पाहिलेली नाही. एक भाग पाहिला, दोन चुकले, चुकलेले शेजारणीने सांगितले, अशी ती लक्षात राहिली आहे. आता इंटरनेटवर सलग पाहणाऱ्या कित्येकांना आपण अर्धी मालिका कधी पाहिलीच नव्हती हे कळते.

जुन्या मालिका आवडतात त्या चांगल्या होत्या म्हणून की आपण लहान होतो म्हणून, हा प्रश्न नेहमीचा. मानसशास्त्राने एक गोष्ट नीट दाखवली आहे : साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी माणसाच्या मनात इतर वयांपेक्षा दाट असतात. त्या न्यायाने १९७५ च्या आसपास जन्मलेल्यांना ‘गोट्या’ आणि १९८५ नंतरच्यांना ‘शक्तिमान’ श्रेष्ठ वाटणार यात नवल नाही. पण तेवढ्याने निकाल लागत नाही. आठवड्याला एक भाग आणि बहुधा मर्यादित भागसंख्या, यामुळे जुन्या मालिकांना गोष्ट संपवावी लागे. लिहिणारे साहित्यातून आणि नाटकातून आलेले असत. हा गुण खरा आहे. त्याचबरोबर एकच वाहिनी, सरकारी बातम्या, मंत्र्यांच्या उद्घाटनांची रांग आणि रटाळ चर्चा हेही तेवढेच खरे. आठवण चाळणी लावते आणि चाळणीतून ‘मालगुडी डेज’ खाली राहते. वर उरलेला कोंडा कोणी आठवत बसत नाही.

एक तक्रार मात्र वाजवी आहे आणि तिच्याकडे आढावे घेणारे लक्ष देत नाहीत. ज्या मालिकांबद्दल परभणीकर हळवे होतात त्यांपैकी एकीतही परभणी नाही. ‘गोट्या’चे घर, ‘टिपरे’ यांचे घर, ‘आभाळमाया’चे घर हे सगळे दुसऱ्याचे होते. अलीकडे मालवणी, कोल्हापुरी, सातारी बोलींना मालिकांत जागा मिळाली. ‘करायलोय, जायलोय’ म्हणणारी मराठवाडी बोली आली ती बहुधा विनोदी पात्राच्या तोंडी. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असे हसत म्हणणाऱ्या जिल्ह्याला टीव्हीने आपला एकही नायक दिला नाही. परभणीत वाढलेला संकर्षण कऱ्हाडे आज घराघरांत ओळखीचा आहे आणि मुलाखतींत गावाचे नाव आवर्जून घेतो, ही त्यातल्या त्यात भरपाई. दुसऱ्याच्या अंगणात बसून दुसऱ्याच्याच घराची गोष्ट पाहिली आणि ती आपली मानली, ही या जिल्ह्याच्या स्मरणरंजनातली सर्वांत लक्षणीय गोष्ट आहे.

या ओढ्याला अलीकडे बाजारभाव आला. टाळेबंदी सुरू होताच २८ मार्च २०२० पासून दूरदर्शनने ‘रामायण’ पुन्हा दाखवले. १६ एप्रिलचा भाग ७ कोटी ७० लाख लोकांनी पाहिला, असे दूरदर्शनने जाहीर केले. हा जागतिक विक्रम असल्याचा दावा मात्र वादग्रस्त ठरला. त्याच एप्रिलमध्ये ‘डीडी रेट्रो’ ही जुन्या मालिकांची वाहिनी निघाली, नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रसार भारतीने ‘वेव्हज’ हे ओटीटी व्यासपीठ सुरू केले. खेड्यात मोबाइलवर यूट्यूब आणि छतावर महिन्याचे भाडे नसलेली ‘फ्री डिश’, यांतून जुने कार्यक्रम आता अँटेना न फिरवता दिसतात. पुन्हा पाहणाऱ्यांचा अनुभव संमिश्र असतो. ‘व्योमकेश बक्षी’ टिकते, ‘चंद्रकांता’ची जादू पाच मिनिटांत उतरते, आणि नातवंडे पहिल्या मिनिटाला उठून जातात.

जे परत मिळत नाही तेही बरेच आहे. टेप महाग असत म्हणून दूरदर्शनवर जुन्या कार्यक्रमांवरच नवे चित्रीकरण केले जाई. त्यात कित्येक मराठी कार्यक्रम कायमचे पुसले गेले. बीबीसीनेही साठ-सत्तरच्या दशकांत हेच केले, तेव्हा हा गुन्हा फक्त आपला नाही. पण बीबीसीच्या पुसलेल्या भागांचा शोध घरोघरी घेतला गेला, याद्या छापल्या गेल्या. आपल्याकडे काय पुसले याची यादीही धड नाही. स्थलीय प्रक्षेपणही संपले : मोजकी ठिकाणे वगळता दूरदर्शनचे ॲनालॉग प्रक्षेपक मार्च २०२२ पर्यंत बंद करण्यात आले.

मालिकांच्या फिती जपणे हे प्रसार भारतीचे काम आहे आणि ते थोडेफार चालू आहे. पाहणाऱ्यांचा इतिहास जपणे कोणाचेच काम नाही. ग्रामपंचायतीच्या पेटीची नोंदवही, पहिल्या संचाची पावती, टीव्हीसमोर काढलेले मुंजीचे आणि साखरपुड्याचे फोटो, कोणत्या वाड्यात कोण कुठे बसत असे याच्या हकिकती हे सगळे परभणी, सेलू, मानवत, जिंतूर इथल्या घरांत अजून आहे. १९८४ मध्ये जे पंचविशीत होते ते आता पासष्टीच्या पुढे आहेत. जिल्ह्यातल्या महाविद्यालयांच्या मराठी आणि इतिहास विभागांनी विद्यार्थ्यांना एका सुटीत हे काम दिले, तर मुंबई-पुण्याबाहेरच्या टीव्हीचा पहिला दस्तऐवज परभणीत तयार होईल.